भोपळ्याला माणसात आणताना

१ मार्च, शनिवार
भोपळ्या आज कुणालाही चावलेला नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण घरात सध्या वेगळंच बोललं जातंय.
घटना एवढीच. कन्येची वर्गमैत्रीण खेळायला आली. हॉलमधून पळाली. भोपळ्या आडवा उभा राहिला आणि भुंकला. मैत्रीण डायनिंग टेबलावर चढली. पाऊण तास तिथेच होती. सँडविचही तिथेच खाल्लं. तिची आई न्यायला आली तेव्हा मुलगी टेबलावर, खाली अठ्ठावीस किलोचा कुत्रा, आणि मी त्याची समजूत काढतोय, असं दृश्य होतं. बाईंनी चहा घेतला नाही.
त्या गेल्यावर ही म्हणाली, पाच एप्रिलपासून याच हॉलमध्ये आठ मुलं येणार आहेत, आठवतंय ना. आठवतंय. शाळेने हिचा चित्रकलेचा तास बंद केला तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, हिच्या डोक्यात हा क्लास आहे. शनिवार-रविवार, दहा ते साडेअकरा. तोवर कुत्रा सुधारला नाही तर तो मेहुण्याच्या गोदामावर राखणीला जाणार. मेहुणा फोनवर म्हणाला, भावोजी, खुशाल पाठवा, मोकळी हवा आहे. गोदामाला खिडकी नाही.
कन्या रडली. मी तिला शब्द दिला. पाच आठवडे भरपूर झाले.

२ मार्च, रविवार, सकाळी ८.१५
पद्धतशीर काम करायचं. बारा मजली ऑफिसातल्या साडेसहाशे लोकांना आग लागली तर काय करावं हे मी अकरा वर्षं शिकवतोय. तिथे एका कुत्र्याचं काय एवढं! (गेल्या ड्रिलला चौदा मिनिटं लागली हे खरं. लोक लिफ्टची वाट बघत थांबले. दोष लिफ्टचा.)
संकल्प : रोज सहाला उठणे. चाळीस मिनिटं सराव. आवाज न चढवणे. नोंदी ठेवणे.
सहाला उठणे उद्यापासून.

५ मार्च, बुधवार
सराव सुरू. लहान मूल उपलब्ध नसल्यामुळे ती भूमिका मीच केली. कन्येची टोपी, पाठीला तिचं दप्तर, गुडघ्यांवर चालत हॉलमध्ये प्रवेश. भोपळ्याने शेपटी हलवली आणि माझा कान चाटला. शंभर टक्के यश.
ही दारातून बघत होती. कुत्र्याला तुम्ही ओळखू येत नाही असं वाटतंय का तुम्हाला, असं तिने विचारलं. ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.
गुडघे दुखताहेत. उद्या सुट्टी.

८ मार्च, शनिवार
हिने शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून मधल्या सुट्टीचा गोंगाट रेकॉर्ड करून आणला. स्पीकरवर मोठ्याने लावला. भोपळ्या चारी पाय वर करून झोपला होता, तसाच झोपून राहिला. पहिल्याच किंकाळीला माझा चहा शर्टावर सांडला. कन्या हसत सुटली.
निष्कर्ष : कुत्रा तयार आहे.

१३ मार्च, गुरुवार
शाळा सुटायच्या वेळी भोपळ्याला घेऊन समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. अंतर सुरक्षित. पट्टा हाताला दोनदा गुंडाळलेला, शिट्टी तोंडात. मुलं बाहेर आली. मी भोपळ्याला शांत, शांत असं बजावलं. जरा मोठ्याने बजावलं असेन.
तो असा भुंकला की चाळीसेक मुलं परत शाळेत गेली. एका मिनिटात, तेही रांगेत. आमच्या ऑफिसला हे अकरा वर्षांत जमलेलं नाही.
वॉचमनने माझं नाव विचारलं. सांगितलं नाही.
युनिफॉर्म पिवळा होता. पिवळ्या रंगाने प्राणी बिथरतात असं कुठेतरी वाचलंय. सापडलं की इथे चिकटवेन.

१९ मार्च, बुधवार
ऑफिसात काम फार. सराव झाला नाही. मंगळवारीही नाही. सोमवारी पट्टा सापडला नाही.
मेहुण्याने गोदामात नवी साखळी बसवल्याचा फोटो पाठवला. कन्येने तो बघितला आणि ताटावरून उठली. हिने कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका ट्रेनरबाईंना बोलावलंय. मला न विचारता. येऊ दे. त्यांनाही काही शिकायला मिळेल.

२२ मार्च, शनिवार
ट्रेनरबाई आल्या. कमी बोलतात. खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे. तळमजल्यावरच्या आजोबांची सहा वर्षांची नात कोपऱ्यात चित्र काढायला बसवली. नियम असे : तिने कुत्र्याकडे जायचं नाही, कुत्र्याने तिच्याकडे जायचं नाही, कुणी टक लावून बघायचं नाही. पट्टा बाईंच्या हातात, सैल.
भोपळ्याने माझ्याकडे बघितलं आणि गुरगुरला. बाईंनी मला गॅलरीत पाठवलं. तो आडवा झाला. मला आत बोलावलं. तो उठला. मला बाहेर पाठवलं. तो आडवा झाला. असं चार वेळा. गॅलरीत वारा होता.
बाईंचं म्हणणं, मूल दिसलं की तुमचा श्वास थांबतो आणि हात आवळतो. कुत्रा तुमचं तोंड बघतो आणि समजतो, आलं संकट.
माझा श्वास थांबत नाही. चार वेळा म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय त्या मुलीची पेन्सिल टोकदार होती, स्टूल तीन पायांचं होतं आणि स्टुलामागे प्लग पॉइंट होता. हे बघणारा खोलीत मी एकटाच होतो.

२३ मार्च, रविवार
ही म्हणाली, चार वर्षं तो तुमच्याकडूनच शिकतोय. आपली मुलगी नऊ वर्षांची झाली, तिला अजून सायकल येत नाही, तेही यामुळेच.
तो विषय वेगळा आहे.
कन्येला विचारलं, सायकलची भीती वाटते का. ती म्हणाली, मला नाही वाटत बाबा. तुम्हाला वाटते.

२९ मार्च, शनिवार
ट्रेनरबाई आठवडाभर रोज आल्या, मी ऑफिसात असताना. रोज एक मूल वाढवलं. काल पाच झाली. भोपळ्या चटईवर पडून असतो म्हणे. माझ्या सरावाची फळं उशिरा दिसताहेत.
मी आरशासमोर श्वास घेतोय. आज लिफ्टमध्ये दोन मुलं शिरली. तिसऱ्या मजल्यापर्यंत व्यवस्थित श्वास घेतला. आम्ही चौथ्यावर राहतो.

५ एप्रिल, शनिवार
क्लासचा पहिला दिवस. मेहुणा गाडी घेऊन खाली हजर. म्हणे, नुसती तयारी असावी म्हणून. हिने मला ऑफिसात जायला सुचवलं होतं. पण अशा वेळी जबाबदार माणूस घरात हवा. मी बेडरूममध्ये दार लावून बसलो. पूर्ण अदृश्य.
१०.०२. मुलं आली.
१०.०४. भोपळ्या चटई सोडून बेडरूमच्या दाराला पाठ लावून उभा, आणि भुंकतोय. काहीतरी खळ्ळकन पडलं. एक मूल रडायला लागलं. मेहुणा साखळी घेऊन वर आला. कन्या त्याच्यासमोर दोन्ही हात आडवे करून उभी राहिली, असं नंतर कळलं.
ही आत आली. रागावलेली नव्हती, ते जास्त वाईट. म्हणाली, अहो, जरा बाहेर जाऊन येता का.
गेलो. चपला राहिल्या.
११.४० ला परतलो तेव्हा आठ मुलं आठ चित्रं घेऊन गेली होती. भोपळ्या चटईवर घोरत होता. मेहुणा साखळी घेऊन परत गेला होता. कन्या मला बिलगली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही गेलात म्हणून जमलं. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी कौतुक केलं.

६ एप्रिल, रविवार, सकाळी १०.२०
नवी व्यवस्था : शनिवार-रविवार, नऊ पन्नास ते अकरा चाळीस, मी बाहेर. ही म्हणते कायमची. माझ्या मते तात्पुरती.
जिन्यात बसून लिहितोय. वरून आवाज नाही. म्हणजे ठीक चाललंय.
आत्ता एक छोटी मुलगी उशिरा आली, हातात रंगपेटी. मला पायऱ्यांवर बसलेलं बघून थबकली आणि वडिलांच्या मागे लपली. वडिलांनी तिचा हात धरला. म्हणाले, घाबरू नकोस, चल, काही करत नाहीत ते.
दोघं भिंतीच्या कडेकडेने वर गेली. ती जाईपर्यंत मी हललो नाही.