मागची खिडकी

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. फाडू नकोस. पिल्लू शाळेत गेलं की निदान एकदा वाच.

वस्तीच्या आरोग्यसभेत मी पडद्यावर तुझ्या स्वयंपाकघराचा फोटो लावला, तेव्हा तू शेवटच्या रांगेत असशील हे माझ्या डोक्यातही नव्हतं. शेगडीमागची काळी भिंत दाखवून मी म्हणाले, मुलांचा दमा अशाच घरांत सुरू होतो. नाव घेतलं नाही, याचा केवढा अभिमान वाटत होता मला! पण दांडीवरचा पिल्लूचा पिवळा स्वेटर अख्ख्या गल्लीने ओळखला. तू उठून गेलीस हे मी पाहिलं आणि तरी पुढचं चित्र लावलं. लोक टाळ्या वाजवत होते ना.

त्याच भिंतीला टेकून मी पदवीचा अभ्यास केला. मला ठसका लागू नये म्हणून तू शेगडी दाराबाहेर न्यायचीस आणि शेजारणींना दटावायचीस, "हळू बोला गं, आमची मास्तरीण वाचतेय."

आता खरं ऐक. आमच्या दवाखान्याच्या गटाने तुझ्या शेजारच्या काकूंकडे हवा मोजायचं यंत्र ठेवलं. गॅसवर स्वयंपाक चालू असताना आकडा जेमतेम हलला; भिंतीवरची काजळी जुन्या शेगडीची होती. पण सकाळी मागची खिडकी उघडली, पलीकडे गोदामाचे ट्रक इंजिन चालू ठेवून उभे राहिले, आणि आकडा असा चढला की काकू म्हणाल्या, "बाई, हे बिघडलंय का?" बिघडलं नव्हतं. माझी अक्कलच शेण खायला गेली होती. सकाळी मागची खिडकी सताड उघडी ठेव, धूर निघून जाईल, असं तुला कोणी बजावलं होतं? तू माझं ऐकलंस, आणि पिल्लूची छाती वाजायला लागली.

आता बायका रोज गोदामाच्या फाटकाशी उभ्या राहून इंजिनं बंद करायला लावतात. काकूंचा आवाज ऐकूनच अर्धे ड्रायव्हर किल्ली फिरवतात. पुढच्या सभेत मी हे सगळं सांगणार आहे, माझ्या चुकीसकट. फोटो न लावता.

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, सभेनंतर तू पिल्लूला तपासायला आणलंच नाहीस. त्याचा दम्याचा पंप संपत आला असेल गं. लोकांच्या नजरा नकोत, माझं तोंड तर नकोच, कळतं मला. शनिवारी त्याला घेऊन जा. मी त्या दिवशी दुसऱ्या वस्तीतलं काम मागून घेतलंय, दवाखान्याच्या दारात मी नसेन. आणि तोवर सकाळी मागची खिडकी लावून ठेव. हे मी नाही सांगत, यंत्र सांगतंय.

तुझीच धाकटी
(मास्तरीण म्हणू नकोस आता)