पल्लवीची वाकळ

१२ ऑगस्ट
पल्लवीच्या मैत्रिणीचा, स्नेहलचा, पुण्याहून फोन. खोली रिकामी केली म्हणाली. बाकी सामान वाटून टाकलं, वाकळ तेवढी कुरिअरनं पाठवलीय. "काकू, धुतली नाही हं." त्या पोरीला कसं कळलं कोण जाणे. पल्लू नर्सिंगला निघाली तेव्हा माझ्या दोन पातळांची शिवली होती. तापाचे चार दिवस तीच अंगावर होती. मग दवाखाना, मग... दोन महिने झाले.

१७ ऑगस्ट
पार्सल नाही. आमच्या गावात कुरिअर येत नाही. सगळ्यांचं वारंगा फाट्यावर माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या हॉटेलात ठेवतात, गावाकडं निघालेल्या कुणाच्या तरी हाती ते येतं. आजवर काही हरवलं नाही. दादा म्हणाला, "न्हाई आलं, माय. आलं की मीच घेऊन येतो."

१९ ऑ.
मोबाईलवर 'पोहोचलं' दाखवतंय. कुणाला पोहोचलं? अंगणवाडीच्या खिचडीत आज मीठ दोनदा पडलं. लेकरांनी तशीच खाल्ली.

२२ ऑ.
अर्धी रजा. फाट्यावर थांबले, दादा सोबत. कुरिअरवाले गफूरभाई आले. पन्नाशीचा माणूस. "मॅडम, हॉटेलातच देलं. बराबर आठवतं, मऊ गठुडं होतं." सही? "इथं कोन सही घेतंय?" दादा त्यांच्यावर असा धावून गेला की मीच त्याचा हात धरला. माझ्यासाठी किती जीव तुटतो याचा, असं वाटलं. आणि गफूरभाई म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

२३ ऑ.
हिंगोलीला कुरिअरच्या ऑफिसात जाऊन लेखी तक्रार दिली. गफूरभाईंच्या नावानिशी.

२९ ऑ.
गफूरभाईंना घरी बसवलंय. ऑफिसचा फोन : पार्सल मिळालं असं तुम्ही लिहून दिलं तर परत घेऊ. का लिहून देऊ? आधी माझ्या लेकीची वाकळ द्या. इतकी कठोर कधी झाले? होऊ दे.

३१ ऑ.
दादा आला. ओट्यावरच बसला, चहा नको म्हणाला.
"सुनी, त्या माणसाच्या पोटावर पाय नको देऊ. आलं होतं ते."
स्नेहलनं वर 'पल्लवीची वाकळ' लिहिलं होतं. ते वाचून यानं पार्सल परस्पर नदीत सोडलं. वर नारळ वाहिला.
"काहून, दादा?"
"गेलेल्याचं पांघरूण घरात घेत न्हाईत. तू जेवून न्हाई राहिली, झोपून न्हाई राहिली. ती वाकळ घेऊन बसली असती तर तू बी गेली असती."
रीत मला ठाऊक आहे. हे वारले तेव्हा यांचं अंथरूण मीच नदीवर पाठवलं होतं, कुणी सांगायच्या आधी. पण मला विचारायचं होतंस रे. निदान एकदा उराशी धरू द्यायची होतीस.
दादा रडला. मला रडू आलं नाही.

१ सप्टेंबर
कागद घेऊन बसलेय. गफूरभाईंची माफी मागायची आहे, त्याआधी हे. उद्या सकाळच्या जीपनं पोहोचवलं पाहिजे. नाव, गाव, तारीख लिहून झालं. पुढं 'पार्सल मला मिळालं' लिहायचं आणि सही करायची. दोन कागद फाडले. हात 'मला'पाशी येऊन थांबतो.