उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

३ मार्च, सोमवार

माफ कर वही, बारा दिवस तुला हात लावला नाही. गुडघे दुखतात हे खरं, पण त्याहून जास्त काळजी. चार महिने झाले, वरच्या गल्लीत पाणी चढत नाही. नळाला करंगळीएवढी धार. बाया उतारावरून बादल्या वाहतात. आणि तिथली नगरसेविका कोण? माझी थोरली! उद्या नगरपालिकेच्या सभेत अध्यक्षांनाच प्रश्न विचारणार म्हणे.

म्हटलं, "मोठ्या माणसांशी कशाला वैर घेतेस?"

"अण्णा, वैर कसलं? आठ दिवस आधी लेखी प्रश्न दिलाय. उत्तर द्यायला बांधील आहेत ते."

जेवण गेलं नाही.

४ मार्च

सभेला गेलो. वरच्या सज्जात, मागच्या बाकावर, तिला दिसणार नाही असा. तिथे बोलायला बंदी – पाटीच आहे.

काय उभी राहिली पोरगी! आवाज चढवला नाही, हात नाचवले नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "पाणीपुरवठा समाधानकारक आहे." ही म्हणाली, "कोणाचं समाधान झालं त्यांचं घर सांगा, मी भेटून येते." सगळे हसले. अध्यक्षसुद्धा!

मग पाणी खात्याचे साहेब उठले. म्हणाले, "चार महिन्यांपूर्वीच्या दुरुस्तीनंतर टाकीखालचा व्हॉल्व्ह आमच्या माणसाने डावीकडे शेवटपर्यंत फिरवून पूर्ण उघडलाय."

डावीकडे? मी बाकावरून अर्धा उठलो.

एकतीस वर्षं मी इथे पाणी सोडलं. तो व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा. बाकीचे डावीकडे उघडतात, हा डावीकडे बंद होतो! बिचारा उघडायला म्हणून गेला आणि बंद करून आला. येते ती धार नुसती झिरपून.

त्याला कळणार तरी कुठून? मी निवृत्त होताना खात्याने वही दिली होती – सगळं लिहून ठेवा. चौथी शिकलेला मी. अक्षराला हसतील म्हणून थोडंसं खरडून परत दिली. हा व्हॉल्व्ह राहिलाच.

ओठांवर आलं होतं. पाटी पाहिली, गप्प बसलो. पाटीचं निमित्त.

विषय सोमवारवर ढकलला.

५ मार्च

सांगावं, तर तिलाच फाडून खातील – बाप चुकला आणि जाब आम्हाला! न सांगावं, तर बादल्या.

७ मार्च

सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"कोणत्या बाजूला उघडतो?"

"उजवीकडे. एकवीस फेरे. शेवटचे दोन जड जातात."

तिने तिथूनच साहेबांना फोन केला. मग म्हणाली, "चूक कोणाची ते सोमवारी मीच सांगणार."

"म्हणजे माझं नाव?"

"मग काय शेजाऱ्यांचं सांगू?"

८ मार्च

पाणी चढलं! वरच्या गल्लीतल्या गच्च्यांवरच्या टाक्या वाहिल्या.

१० मार्च

ती उठली आणि सरळ म्हणाली, "चूक माझ्या वडिलांची आहे." मागून कोणी ओरडलं, "घरचा आहेर!" हशा. मी बाकाखाली शिरायचा बाकी. तिने हसणं संपू दिलं. मग – "अध्यक्षमहाराज, अख्ख्या भागाचं पाणी एकतीस वर्षं एका माणसाच्या डोक्यात ठेवलं, ती चूक कोणाची?"

मागचा ओरडणारा खाली बसला.

अध्यक्ष उभे राहिले. "आमची," म्हणाले. एवढंच. त्यालाही छाती लागते हो! आणि हिला तर दुप्पट. मी डोळे पुसले, चष्म्याचं निमित्त केलं.

१२ मार्च

नगरपालिकेचं शिक्क्याचं पत्र. पुढच्या सभेत मी उत्तर द्यायचं. प्रश्न विचारणार थोरली – असे आणखी व्हॉल्व्ह किती?

माझ्या भागात तो एकच. पण खालचा सगळा भाग, मोठ्या दवाखान्यासकट, माझा कामावरचा जोडीदार सांभाळायचा. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. तो मुलाकडे राहायला गेला, तीन वर्षं खबर नाही. आज कार्ड टाकलं – गड्या, तुझ्या बाजूचे उलटे कोणते? असशील तर लवकर कळव रे.