सिसिलिया आंटीच्या शेतातल्या भेगा

२ जानेवारी १९८७, शुक्रवार

कुंदाताईने ही वही गणपतीत दिली. "लव्या, एवढा हिंडतोस, निदान लिही तरी!" चार महिने ट्रंकेत पडून. एकदा काढली, तर पेन सापडेना. पेन शोधायला निघालो तो गोराईला पोचलो! जाऊ दे. आज लिहायला कारण आहे.

पंचवीसला गावठाणाचा सण. दरवर्षीची फुटबॉल मॅच — लग्न झालेले विरुद्ध आम्ही सडे. पण मैदान कुठंय? भात कापलं की सिसिलिया आंटीच्या शेतात खेळायचो. दोन वर्षांपूर्वी तिथेच तिच्या लेकाचा, इसिडोरचा पाय भेगेत अडकला. अंग वळलं, पाय वळलाच नाही. पास माझा होता. तो कट् आवाज अजून ऐकू येतो! वर आम्ही शहाण्यांनी पाय ओढला, गरम तेल चोळलं. गुडघा फणसाएवढा! आठ महिने घरात. मग बहारीनला गेला तो गेलाच. मला एक ओळ नाही. आंटीने शेताला काटे लावलेत.

४ जानेवारी

शेत मागायला रुडॉल्फला पुढे केलं. आमचा गोलकीपर, तिचा भाचा. आंटी ओट्यावर वाल सोलत होती. वर न बघताच — "माझ्या शेतात आणखी कोणाचा गुडघा जाणार नाही."

मी म्हटलं, "नाही जाणार, आंटी."

"का? तू सांगितलंस म्हणून?"

येताना एक कटलेला पतंग दिसला, त्याच्यामागे धावलो. मिळाला.

५ जानेवारी

आईला सांगितलं. हसलीच. "मेल्या, गावाक खळां कसां करतत तां इसारलंस? भेगांत माती घाला, पाणी मारा, वर चोपणां!"

झकास! माळ्यावरून लाकडी चोपणं काढलं. आई, तूच कॅप्टन!

८ जानेवारी

चोपणं बघून आंटीने काटे काढले! पण — "जमीन तुम्ही चोपाल. तुमचे गुडघे कोण चोपणार?"

इसिडोरला डॉक्टरने दिलेला व्यायाम तिला पाठ आहे. तेव्हा तीच मोजायची ना. रोज सकाळी सहाला तिच्या अंगणात हजर. आधी शेताला धावत फेऱ्या, अंग गरम. मग उठाबशा. मग एका पायावर उभं. मग ओट्यावरून उडी. आंटी बघत नाही, नुसती ऐकते. "गुडघे वाकवून पड. आत वळू देऊ नको. मांजर पडतं तसं! आवाज आला तर परत."

रुडॉल्फने उडी मारली.

"पाटा कोणी टाकला रे?"

मेलो हसून!

१२ जानेवारी

एका पायावर उभं राहून दात घासले. आई म्हणाली, बगळो झालंस.

१८ जानेवारी

शेत झालं! गुळगुळीत! अख्खं गावठाण चोपत होतं. लग्नवाले आमच्या उड्या बघून हसत होते. आंटीने त्यांनाही रांगेत उभं केलं. खंडू तीन पोरांचा बाप, एका पायावर राहिला आणि थेट वालाच्या टोपलीत!

पाय सुजला तर बर्फ आणि डॉक्टर, तेलाची बाटली कोणी आणलीच तर ती त्याच्याच डोक्यावर ओतणार — आंटीचा कायदा.

सगळे गेल्यावर धीर करून विचारलं. "आंटी, इसिडोर माझ्यावर चिडलाय का गं?"

"वाल सोल."

सोलले. शेरभर तरी असतील.

२४ जानेवारी, शनिवार

उद्या मॅच. संध्याकाळी शेवटचं चोपणं मारत होतो. मागून आवाज — "लव्या, या वेळी पास नीट दे हां!"

इसिडोर! गळ्यात बूट! धावत आला, उडी मारली, माझ्यासमोर उतरला. आवाज नाही. मांजर!

आंटीला महिन्याभरापूर्वीच पत्र आलं होतं. म्हातारी एक शब्द बोलली नाही!

मी ओरडलो, "पास देतोच रे! उद्या दोघं पुढे!"

तो हसायला लागला. ओट्याकडे बघतो तर आंटीच्या शेजारी एक मुलगी वाल सोलत बसलेली. तेरेसा. डिसेंबरात तिकडेच दोघांचं लग्न झालं.

म्हणजे उद्या तो लग्नवाल्यांकडून. आणि त्याला अडवायचं कोणी — मी!