वायर काढल्यावरची मतं

मंगळवार, ९ जून

दादा,

नमस्कार. तुझ्या वयाला. आईचा गुडघा दुखतो, बाकी बरी आहे. वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

तू परत पाठवलेला तक्ता मिळाला. रक्तपेढ्यांच्या समितीसाठी मी तीन ब्लॉकचेन नेटवर्कांची तुलना केली होती, त्यात एक तुझं. तुझ्याकडून आली तेव्हा तिच्यात एकच रकाना उरला होता, वेगाचा. त्यात तुझं नेटवर्क पहिलं. ते खरंच आहे. एका नेटवर्कात नोंद पक्की होईपर्यंत चहा उकळून होतो, दुसऱ्यात कप उचलेपर्यंत, तुझ्यात पापणी लवायच्या आत. नोंदींची गर्दी वाढवून पाहिली, तरी तुझं डगमगलं नाही. हे सगळं मी लिहिलं होतं. दुसरा रकाना तू खोडलास. नोंद बदलायची सत्ता किती जणांच्या हातात आहे, तो. आणि खाली माझं नाव तसंच ठेवलंस.

फोनवर म्हणालास, "मास्तरीणबाई, त्यांना वेग हवाय. हात कोण मोजतं?"

मी मोजते. रक्ताच्या पिशवीवरची तारीख कुणा एकाला गुपचूप बदलता येऊ नये, एवढ्यासाठीच त्या पेढ्या ब्लॉकचेनकडे आल्या. नुसता वेग हवा असता तर तुझ्या कॉम्प्युटरवरची साधी यादी पुरली असती.

तुझ्या माहितीपत्रकात आम्ही 'स्वतंत्र पडताळणीदार' आहोत. म्हणजे आई, काका, वहिनी, वहिनीचे भाऊ, मी. प्रत्येकाच्या घरी तू एकेक यंत्र दिलंस. प्रत्येक यंत्र नोंदीवर मत देणार, बहुमत झालं की नोंद पक्की. नातेवाईक असले म्हणून काय झालं, घरं तर वेगळी आहेत, अशी मी माझी समजूत घातली. काही यंत्रं बंद पडली तर नेटवर्क किती मंदावतं, हे पाहायला मी माझ्या यंत्राची वायर काढली.

माझी मतं पडत राहिली.

वायर माझ्या हातात, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर माझं नाव प्रत्येक नोंदीला हो म्हणत होतं. काकांना म्हटलं, तुमचं काढा. "काढलं गं, पण दादाला तू सांग, मी नाही." त्यांचंही मत पडत राहिलं. मग माग काढला, तर सगळी मतं तुझ्या ऑफिसातल्या सर्व्हरच्या एका कपाटातून येतात. आमच्या घरची यंत्रं नुसते दिवे लावून बसली आहेत. तुझा वेग तिथला आहे. स्वतःलाच विचारणाऱ्याला उत्तराची वाट पाहावी लागत नाही.

फोनवर तुला हे विचारलं तेव्हा तू हसलास. "अगं, तुमची लाइट जाते, नेट जातं. तुमच्या भरवशावर नेटवर्क चालवू?"

नको चालवूस. पण मग आमची नावं कशाला?

आईचं लिहिणार नव्हते. तिला तू सांगितलंस, "हे बंद पडू देऊ नकोस, तुझ्यावर माझं काम चाललंय." तेव्हापासून तिनं घर सोडलं नाही. मावशी अंथरुणाला खिळली, बोलावत राहिली. आई म्हणायची, "लाइट गेली तर परत चालू कोण करणार? त्याचं काम अडेल." मावशी गेली तेव्हाही ती शेजारणीला दिव्यावर लक्ष ठेवायला सांगून निघाली. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

काल तिच्यासमोर वायर काढली. ओरडली माझ्यावर. मग तिला पडदा दाखवला. तिचं नाव, हो. तिचं नाव, हो.

"शाळेत असतानाही माझी सही छान करायचा," म्हणाली.

समिती उद्या ठरवणार आहे. दोन्ही रकान्यांचा तक्ता मी आज सकाळी पाठवला. दुसऱ्या रकान्यात तुझ्यापुढे 'एक' लिहिलंय. खाली माझी सही आहे आणि आईची. कागद तिनंच मागून घेतला.

तिला फोन करू नकोस. ती घरी नाही. मावशीच्या लेकीकडे गेली आहे. कधी येणार ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

नात्यानं अजून तुझी,
धाकटी