हौदातले गप्पी मासे

सर, परवा लेण्याद्रीला गेले होते. पायऱ्या आता चढवत नाहीत, खालूनच हात जोडले. वर लेण्यांतल्या पाण्याच्या टाक्यांपाशी तुम्ही आमच्या वर्गाला नेलं होतं, तेच डोळ्यांपुढे येत राहिलं. तुम्ही एनॅमलचा पांढरा मग पाण्यात बुडवता, आम्ही मुली डोकी घालून बघतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी पडलेली अळी हिवतापाच्या डासाची, डोकं खाली करून लटकते ती दुसऱ्या जातीची. हिवताप कोण पसरवतं, असं विचारलंत आणि मी ठसक्यात म्हटलं, डास. "डास हौद बांधत नाही, बाई. पाणी साठवतं कोण, ते सांगा." सगळ्यांदेखत सुनावलंत. मला रडू आलं होतं. कॉलेज सुटताना तोच मग तुम्ही मला दिलात.

निरगुडसरला आमच्या मळ्यात हौद आहे, कालव्याच्या पाण्यानं कायम भरलेला. त्यात मी गप्पी मासे सोडते, ते अळ्या खातात. पुतण्या टोमॅटोवर औषध मारतो आणि फवारणीचा पंप त्याच हौदात विसळतो. मासे मरतात. औषधाचा जोर ओसरला की डास परत येतात, मासे येत नाहीत. मी ओरडले की तो हसायचा. "काकू, वढ्याला लई मासं हायेत, दुसरं आनू की. तुमी काय त्यांचं बारसं केलंय व्हय?"

गेल्या पावसाळ्यात त्याच्या बायकोला हुडहुडी भरून ताप आला. रक्तात हिवताप निघाला. ती पोटुशी होती, पोर पोटातच गेलं. दवाखान्यातून आल्यावर तो ओट्यावर बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, खरं सांगा. आपल्या हौदातलंच डास व्हतं का?" सकाळीच मी तुमचा मग हौदात बुडवून बघितला होता. अळ्या आडव्या होत्या. पण त्याची बायको दारात उभी होती, चौकट धरून. मी म्हटलं, "नाही रे. आपल्या हौदात तसला डास होत नाही." त्यानं मान डोलावली. काकू शिकलेली आहे, एवढं त्याला पुरलं.

आज पंप परत हौदाच्या कठड्यावर होता. मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. ती पुन्हा गरोदर आहे. त्याला सांगायला हवं, आणि सांगितलं की मागचं पोर कशानं गेलं तेही सांगून होतं. तो पलीकडच्या खोलीत जेवतोय, सर, आणि मी इथं तुम्हाला लिहीत बसले आहे.