वंदनाच्या बोअरमधला वायू

तीर्थस्वरूप मनकर्णाताईस,

धाकट्या सत्यभामेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. शेगावच्या महाराजांच्या कृपेने आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या गुडघ्यांना तेल लावतेस, की बाटली नुसती फडताळात ठेवली आहेस? (महागाचं आहे, जपून वापर, पण वापर.)

पत्राला कारण तसं काही नाही. तुझा प्रेम ज्या कॉलेजात नोकरीला आहे तिथल्या दोन पोरी आमच्या लोणारकडच्या गावांत पाणी तपासत फिरताहेत. म्हणे जमिनीखालच्या दगडातून पाण्यात एक किरणं सोडणारा वायू उतरतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. (अंगी एकही गुण नाही, पण नाव आहे, रेडॉन.) तर हा वायू आमच्या धाकट्या जाऊबाई वंदनाबाईंच्या बोअरमध्ये भरपूर निघाला आणि आमच्या बोअरमध्ये नावालाही नाही. मधे एक काटेरी कुंपण, खाली दगड तोच, वर देव तोच, एकादश्या मी करते, आणि वायू तिच्याकडे!

तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नाहीत. बोअरवर लाल पट्टा काय, सरपंच पाहायला आले काय! कुणी तब्येत विचारली की पदर सावरून, "काय सांगू माय, आमच्या पान्यात किरनं हायेत," म्हणते, जसा पोरगा कलेक्टर झाला. आधीच सून तिच्याकडे पहिली आली. त्या काजलला आता सातवा लागला, आणि आमचा गोकुळ अजून मुलीच पाहतो आहे. मी यांना म्हटलं, आपलं पाणी पुन्हा तपासून घेऊ. तर म्हणतात, "काऊन? चांगलं निघालं ते खुपून राह्यलं काय तुले?" यांना काय कळतं! मी स्वतःच पोरींना फोन करून बोलावणं केलं.

आणि मग नवलच झालं. पोटुशी बाईला ते पाणी नको असं ठरलं, म्हणून काजल रोज सकाळी कळशी घेऊन आमच्या बोअरवर येऊ लागली. कळशी भरायला कितीसा वेळ लागतो? पण ही ओट्यावर बसते, भाकरी-ठेचा मागून खाते, "मोठ्या आई, तुमच्या पान्याले गोडी हाय," म्हणते. कुंपणापलीकडून वंदना ओरडते, "अवं काजल, पानी आनाले गेली का माहेरी गेली?" ताई, त्या ओरडण्यातली गोडी तुला काय सांगू!

पण काल फोनवर त्यांतली एक पोरगी म्हणाली, "काकू, या वेळी मोटार थोडी चालवून ताजं पाणी घेऊ हं. उघडं राहिलं, वरून ओतलं, की वायू उडून जातो." माझी पोळी तव्यावरच जळली. मागच्या वेळी पोरी वंदनाकडे असताना त्यांची बाटली मीच भरून ठेवली होती. नुसतं वाहून जायला कोण मोटार चालवतं? आणि पाहुण्यांना मोटारीचं पाणी कोण देतं? मी आपलं माठातलं, आदल्या दिवशीचं, दोनदा गाळलेलं दिलं. (पाहुण्यांना नेहमी तेच देते.)

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, छकुलीला पापा.

तुझी,
सत्यभामा

ता. क. प्रेमला सांग, त्या पोरींना म्हणावं, आमच्याकडे यायची काही घाई नाही. काजलचं बाळंतपण झाल्यावर आल्या तरी चालेल.

ता. क. वरचं प्रेमला सांगू नकोस. पाकीट चिकटवायच्या आधी देवाला दिवा लावायला बसले, तर महाराजांच्या फोटोकडे पाहवेना. तशीच उठले आणि कुंपणाशी जाऊन वंदनाला सगळं सांगितलं. हसली मेली! पोरींनाही फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, पुन्हा तपासेपर्यंत काजलला माठातलंच द्या. मी माठ तिकडे द्यायला निघाले तर वंदना म्हणते, "राहू द्या बाई तुमच्याच घरी. मले कुठं तुमच्यासारखं दोनदा गाळनं जमते? येत जाईल काजल." आता चांगुलपणातही हीच पुढे!

ता. क. पोरी सोमवारी येणार. मोटार लागेल तेवढी चालवीन, बिल येईल ते येवो. प्रेमला फक्त एवढं गुपचूप विचार, वंदनापेक्षा थोडा तरी जास्त वायू निघावा, तर बाटली कशी भरायची असते?